चुलीपासून ग्रॅनाइटपर्यंत : सोलापुरी ओट्याची गोष्ट

किल्ल्याला इतिहास असतो, दर्ग्याला असतो, गिरणीच्या चिमणीलाही असतो, हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको. स्वयंपाकघरातल्या ओट्यालाही तो असतो, हे मला ओटा बदलायची वेळ आली तेव्हा जाणवले. आमच्या फ्लॅटमध्ये आधीच्या मालकाने प्लायवूडवर सनमायका चिकटवून ओटा करून घेतला होता. दिसायला छान, पुसायला सोपा. पण सिंकच्या कडेने पाणी मुरून प्लायवूड फुगले आणि शेगडीशेजारी गरम तवा टेकल्याचा तपकिरी डाग कायमचा बसला. तो काढून दगड बसवायचा का, आणि बसवायचा तर कोणता, यावर आमच्या घरात दोन महिने चर्चा चालली. अम्मीचे मत पहिल्याच दिवशी ठरले होते : "लकडी पानी पीतीच ना बाबा. फत्तर बिठाव, सोचना कायकू?"

पण मी शिक्षक असल्यामुळे 'सोचना' काही सुटले नाही. दगडाच्या दुकानांत फिरलो, मिस्त्रींशी बोललो, घरातल्या मोठ्या बायकांना विचारले, काही वाचले. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो आहे. ज्यांच्या घरी हाच प्रश्न आहे त्यांना त्याचा उपयोग व्हावा, आणि ज्यांच्या घरी नाही त्यांनाही आपण रोज ज्या दगडावर कांदा चिरतो तो कुठून आला, हे कळावे.

बसून होणारा स्वयंपाक

आपल्या बहुतेक घरांतला उभा ओटा दोन-तीन पिढ्यांहून जुना नाही. त्याआधी वाड्यात असो की मिलच्या चाळीत, स्वयंपाक बसून व्हायचा. चूल जमिनीवर, तिला जोडून वैल. चुलीवर भाकरी भाजायची आणि वैलावर कालवण रटरटत ठेवायचे. हाताशी काठवट, पिठाचा डबा, पाण्याची कळशी. मुसलमान घरांत मांडणी हीच होती, नाव तेवढे बावर्चीखाना. मराठीत याच अर्थाचा एक जुना शब्द आहे, मुदपाकखाना. तो अरबी 'मतबख' या शब्दावरून आला. मतबख म्हणजे अन्न शिजवण्याची जागा. शिवकालीन अठरा कारखान्यांच्या यादीतही 'मुदबखखाना' भेटतो. 'फरशी' हा शब्दसुद्धा अरबी 'फर्श'वरून आला. फर्श म्हणजे जमिनीवर अंथरलेली वस्तू, बिछायत. कापडाच्या बिछायतीचा शब्द दगडाच्या बिछायतीला लागला आणि मराठीत कायमचा रुळला.

'ओटा' हा शब्द मात्र घराबाहेरून आत आला आहे. जुन्या मराठीत ओटा म्हटले की घरासमोरची बसायची जागा डोळ्यांपुढे येई. संध्याकाळी पुरुष मंडळी तिथे बसून गप्पा मारत. आमच्या दखनी बोलीत त्याला कट्टा म्हणतात आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यालाही कट्टाच म्हणतात. नाव एकच राहिले, पण बाहेरच्या ओट्यावर पुरुष बसत आणि आतल्या ओट्यापाशी बाई उभी असते.

बसून होणाऱ्या त्या स्वयंपाकात दगड नव्हता असे नाही. जाते होते, पाटा-वरवंटा होता, खल होता. पण दगड दळायला आणि वाटायला होता, वर काम करायला नव्हता. त्याचे कारण आपल्या जमिनीतच आहे. सोलापूर दख्खनच्या लाव्हाच्या थरांवर वसले आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला हा लाव्हा म्हणजे आपला काळा पाषाण. आपला भुईकोट किल्ला याच पाषाणाचा आणि घरातला पाटाही याच पाषाणाचा. तो चिवट असतो आणि त्याचे सपाट पापुद्रे निघत नाहीत. चिरे, पायऱ्या, उखळ यांसाठी उत्तम. पण हाताने फोडून दोन फूट रुंद आणि दोन बोटे जाड अशी लांब लादी काढायची म्हटली तर पाथरवट हात टेकेल. ओट्याला नेमकी तशीच लादी लागते.

रुळांवरून आलेला दगड

ती लादी फार दूर नव्हती. सोलापूरहून गाडीने कलबुर्गी ओलांडून पुढे गेलो की काळा पाषाण संपतो आणि त्याच्या खालचा, त्याहून कितीतरी जुना चुनखडक उघडा पडतो. शहाबाद, वाडी, चित्तापूर, सेडम हा सगळा भीमेच्या खोऱ्यातला चुनखडकाचा पट्टा. तो समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून झाला, म्हणून त्याला पुस्तकाच्या पानांसारखे थर असतात. थराच्या फटीत छिन्नी घालून घाव दिला की सपाट लादी सुटते. हीच आपली शहाबादी फरशी. आज वाडी-शहाबाद भागात सिमेंटचे कारखाने दिसतात, तेही याच चुनखडकामुळे.

दगड जवळ असला तरी तो वाहून आणणे सोपे नव्हते. बैलगाडीत फरशा लादल्या तर किती मावणार आणि किती शाबूत पोचणार? हे चित्र रेल्वेने बदलले. जी. आय. पी. रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोचली आणि १८७१ मध्ये रायचूरला जाऊन मद्रासकडून आलेल्या रुळांना मिळाली. शहाबाद याच मार्गावर, तेव्हाच्या निजामाच्या हैदराबाद संस्थानात. १८७४ मध्ये वाडीहून सिकंदराबादकडेही फाटा निघाला. खाणीजवळ वाघिणीत भरलेली फरशी सोलापूर, पुणे, मुंबईला उतरू लागली. सोलापूर तर दीडशे किलोमीटरच्या आत.

फरशी आली तेव्हा सोलापूर वाढतही होते. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग, म्हणजे आपली जुनी मिल, सुरू झाली. पुढच्या तीन दशकांत लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू या गिरण्या उभ्या राहिल्या. गिरण्यांमागे चाळी आल्या, घरे आली. ज्या घरात फरशी आली तिथे बाईचे एक काम कमी झाले : जमीन शेणाने सारवण्याचे. मोरीला फरशी लागली, मडक्यांखाली फरशी लागली, पुढे चुलीसाठी वीतभर उंच कट्टा झाला तर त्याच्यावरही फरशी लागली. दगड स्वयंपाकघरात आला तो असा, आधी जमिनीवर.

याच रुळांवर पुढे जात राहिलो तर रायचूर, गुंटकल, गुत्ती, ताडपत्री आणि मग कडपा लागते. त्या भागातला काळा चुनखडक म्हणजे आपला 'कडप्पा'. गावाचे नाव दगडाला लागले आणि दगड इतका घरोघरी झाला की ते गावाचे नाव आहे हेच आपण विसरलो. वर्गात मी मुलांना विचारतो, "शहाबादी, कडप्पा आणि तांदूर यांत सारखे काय?" मुले म्हणतात, "तिन्ही फरश्या आहेत, सर." मग नकाशा उघडावा लागतो. मुंबई-मद्रास रेल्वेमार्गाचा नकाशा समोर धरला तर आपल्या आजी-नानींच्या स्वयंपाकघराचा निम्मा इतिहास त्या एका रेषेवर सापडतो.

गॅसने उभे केले

स्वयंपाक जमिनीवरून उठला तो मात्र दगडामुळे नाही. चूल आणि शेगडी दोन्ही जमिनीवर चालत होत्या. रॉकेलचा स्टोव्हही बायका पाटावर बसूनच पेटवत. उभे केले ते गॅसने. मुंबईत १९५०च्या दशकात बर्मा-शेल कंपनीचा 'बर्शेन' गॅस मिळू लागला. इंडियन ऑइलचा 'इंडेन' १९६५ मध्ये कोलकात्यात सुरू झाला. नंतर तो एकेका शहरात पसरला. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी, हा गॅस कंपन्यांचा नियम. सिलिंडर उभा ठेवायचा आणि शेगडी त्याच्या वर, म्हणजे शेगडीला कंबरेइतका उंच ओटा हवाच. ज्या घरात गॅस आला त्या घरात आधी टेबल आले, मग विटांचा ओटा, आणि त्यावर शहाबादी किंवा कडप्पा. त्यापाठोपाठ मिक्सर आला, त्याचे बटण ओट्याच्या वर भिंतीत बसले आणि पाटा-वरवंटा दाराआड गेला.

युरोपात हाच बदल गॅसच्या सोयीपुरता न राहता आराखडा काढून झाला. १९२६ मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरातील कामगारवस्त्यांसाठी एक छोटे स्वयंपाकघर रचले. रेल्वेच्या भोजन-डब्यातल्या स्वयंपाकघराचा नमुना त्यांच्यापुढे होता. बाई किती पावले चालते, काय किती वेळा उचलते, याचा विचार करून सलग ओटा, कपाटे आणि सिंक त्यांनी बसवले. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे झाली. आजच्या 'मॉड्युलर किचन'चे मूळ तिथे सांगतात. त्या आराखड्यातली एक वस्तू मात्र आपल्यापर्यंत आली नाही : फिरते स्टूल. खिडकीखालच्या कामाच्या फळीपाशी बाईने बसून भाजी चिरावी, अशी त्यात सोय होती. आपण सलग ओटा घेतला आणि बसण्याची जागा मागे सोडली.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट झाली. स्वयंपाक उभा झाला, पण जेवण बसलेलेच राहिले. आमच्यासारख्या असंख्य घरांत आजही दस्तरख्वान जमिनीवरच अंथरला जातो. मांडी घालून एकत्र जेवण्याचा आनंद मला सोडायचा नाही. पण रमजानमध्ये सहेरीला पहाटे चार वाजता घरातली बाई ओट्यावरून दस्तरख्वानाकडे आणि दस्तरख्वानाकडून ओट्याकडे किती वेळा वाकते-उठते, हे जेवायला बसलेल्याने एकदा मोजून पाहावे.

अभ्रकाशिवायचे अभ्रक

आता सनमायका. अमेरिकेत १९१२ मध्ये हर्बर्ट फेबर आणि डॅनियल ओ'कॉनर या दोघांनी राळेत भिजवलेले थर दाबून एक कडक पत्रा तयार केला. विजेच्या यंत्रांत तेव्हा अभ्रक वापरत, त्याच्या जागी हा पत्रा वापरायचा होता. इंग्रजीत अभ्रकाला 'मायका' म्हणतात, म्हणून 'मायकाच्या जागी' या अर्थाने त्याचे नाव फॉर्मायका पडले. पुढे त्यावर रंगीत, नक्षीचा कागद बसवून मेलामाइनचा थर दिला आणि तो टेबलांवर, ओट्यांवर आला. भारतात 'सनमायका' ही एका कंपनीची छाप होती. ती इतकी चालली की कुठल्याही कंपनीच्या लॅमिनेटला आपण सनमायकाच म्हणतो. नावात अभ्रक आहे, वस्तूत मात्र कागद आणि राळ.

सनमायकाला मी नावे ठेवणार नाही. कपाटाच्या दारांना, टेबलाला, शाळेच्या बाकांना तिच्यासारखी स्वस्त आणि टिकाऊ वस्तू नाही. पण ती जेमतेम एक मिलिमीटर जाड असते आणि तिचा जीव खालच्या प्लायवूडवर असतो. युरोप-अमेरिकेतल्या ओट्यावर ती वर्षानुवर्षे टिकते, कारण तिथला ओटा बहुतेक वेळ कोरडा असतो. आपला ओटा दिवसातून तीनदा धुतला जातो. तांदूळ धुणे, भाजी धुणे, पिठाचे हात, चहाचे ओघळ, आणि बकरी ईदच्या दिवसांत तर सकाळपासून मटण धुणे-कापणे. आमच्याकडे पाक-साफ म्हणजे फडक्याने पुसणे नव्हे, पाणी ओतून धुणे. पाणी सिंकच्या सांध्यातून आत शिरले की प्लायवूड फुगते, मग वाळवीलाही वाट मिळते. तव्याची उष्णता वरच्या थराला सोसत नाही. अम्मीचे "लकडी पानी पीतीच" हे वाक्य म्हणजे या सगळ्याचा सारांश आहे. जाता जाता, त्यातला 'च' दखनीने मराठीकडूनच घेतला आहे.

कोणता दगड?

वर दगडच हवा, हे ठरायला वेळ लागला नाही. कोणता, याला लागला. शहाबादी आणि कडप्पा दोन्ही चुनखडक. चुनखडकाचे आंबटाशी जमत नाही. लिंबू किंवा चिंचेचा कोळ सांडून राहिला की चकाकी जाऊन पांढुरका डाग पडतो. कडप्पाचा ओटा असलेल्या घरांत बायका त्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवून काळेपणा टिकवतात. दगड स्वस्त, दणकट. काळजी मात्र घ्यावी लागते.

ग्रॅनाइटचे तसे नाही. तो जमिनीच्या पोटात सावकाश थंड झालेला खडक; लिंबाने त्याचे काही बिघडत नाही, सुरीने ओरखडा उठत नाही, गरम भांडे टेकले तरी चालते. इलकल म्हटले की सोलापूरकरांना साडी आठवते. त्याच इलकलचा लाल ग्रॅनाइटही नाव कमावून आहे. आंध्रात ओंगोलजवळच्या चिमकुर्तीचा, ठिपक्या-ठिपक्यांचा काळा ग्रॅनाइट जगभर जातो. हातांनी ग्रॅनाइटची पातळ लादी निघत नव्हती. यंत्राची करवत आल्यावर निघू लागली. म्हणून तो घराघरांत शहाबादीनंतर आला.

घेताना दोन चाचण्या घरीही करता येतात. दुकानातून तुकडा मागून घ्या. त्यावर पाण्याचे काही थेंब टाकून पंधरा मिनिटे थांबा. दगड तिथे काळपट ओला दिसला तर तो पाणी पितो, हळद आणि तेलही पिणार. फिक्या रंगाच्या ग्रॅनाइटमध्ये हे जास्त आढळते. दुसरी चाचणी काळ्या दगडाची : नेलपॉलिश काढण्याच्या पाण्यात कापूस भिजवून घासा. कापूस काळा झाला तर दगड रंगवलेला आहे.

वजनही मोजावे. दोन सेंटिमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस फुटाला साधारण पाच किलो भरतो. दहा फूट लांब, दोन फूट रुंद ओटा म्हणजे शंभर किलो. सनमायकाच्या ओट्याखालची प्लायवूडची पेटी हे वजन पेलेलच असे नाही. मध्ये कडप्पाच्या उभ्या लाद्या किंवा विटांचे खांब घ्यावे लागतात.

उंची कुणाच्या कोपराची?

एवढा अभ्यास करून मी घरात सांगू लागलो, तेव्हा पत्नीने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "फत्तर तुमे देखो. ऊंचाई मैं बोलतूं."

मिस्त्री कुणाच्याही घरी ३३-३४ इंच धरूनच चालतो. ती पाच फूट उंच. तिचा कोपर जमिनीपासून ३७ इंचांवर. चिरण्या-शिजवण्याचे काम कोपराच्या चार-पाच इंच खाली सोयीचे जाते, म्हणजे ३२ इंच. पण भाकरीचे गणित वेगळे. भाकरी थापताना हात वरून पडावा लागतो, अंगाचे वजन तळव्यात यावे लागते. उंच ओट्यावर खांदे वर चढतात आणि दहा भाकऱ्यांत मान धरते. सोलापुरात अजूनही अनेक बायका गॅस ओट्यावर असूनही परात घेऊन खाली बसतात, थापलेली भाकरी उठून तव्यावर टाकतात आणि पुन्हा बसतात. आपण त्याला जुनी सवय म्हणतो. खरे तर ओटा भाकरीसाठी बांधलेलाच नसतो. पोळीच्या, चपातीच्या, ब्रेडच्या घराचा तो ओटा आहे; ज्वारीच्या घराचा नाही.

म्हणून आमच्याकडे ओट्याचे दोन भाग ठरले. शेगडी आणि सिंकचा भाग ३२ इंच, टोकाचा अडीच फुटांचा भाग २९ इंच. त्या भागाखाली कपाट नाही, मोकळी जागा आहे. तिथे स्टूल सरकवून बसता येते. फ्रँकफर्टहून न आलेले स्टूल शंभर वर्षांनी आमच्याकडे असे आले.

कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत झाली, ती २००६ मध्ये त्यांच्या ताब्यात आली. २०२४च्या जानेवारीत रे नगरची पंधरा हजार घरे दिली गेली. काही विद्यार्थ्यांच्या निमित्ताने माझे अशा वस्त्यांत जाणे होते. दोन-तीन घरांत मी पाहिले की हाती थोडे पैसे आल्यावर बाईने पहिला बदल ओट्यात केला. रंग आणि फर्निचर नंतर. दिवसभर बसून विड्या वळणाऱ्या बाईला स्वयंपाक कोणत्या उंचीवर करायचा हे नेमके माहीत असते. तिला कुणी विचारले तर ती सांगते.

कापणाऱ्याच्या छातीत काय जाते

चर्चेत शेवटी क्वार्ट्झचे नाव आले. दुकानदार म्हणाला, "सर, ग्रॅनाइट जुना झाला, आता क्वार्ट्झ घ्या. डाग नाही, रंग एकसारखा." हा क्वार्ट्झ खाणीतून लादी म्हणून निघत नाही. गारगोटीचा चुरा राळेत मिसळून, दाबून कारखान्यात लादी करतात. तंत्र इटलीतले, मग इस्राएल, स्पेन, ऑस्ट्रेलिया असे ते पसरले. त्यात नव्वद टक्क्यांच्या वर सिलिका असते. ओट्यावर बसल्यावर ती कुणाला त्रास देत नाही. लादी कापताना, घासताना जी बारीक धूळ उडते ती फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. त्यावर इलाज नाही. इस्राएल आणि स्पेनमधल्या डॉक्टरांना ओटे कापणाऱ्या तरुण कारागिरांमध्ये हा रोग आढळू लागला. शेवटी १ जुलै २०२४ पासून ऑस्ट्रेलियाने अशा कृत्रिम दगडाच्या लाद्यांवर बंदी घातली. असे करणारा तो पहिला देश.

मग ग्रॅनाइट निर्धोक का? नाही. त्यातही सिलिका असते, दगडागणिक कमी-जास्त, साधारण एक-तृतीयांशाच्या आसपास. चुनखडकात त्याहून बरीच कमी. आपल्या देशात हा रोग अनोळखी नाही. १९४८च्या फॅक्टरी कायद्यात तो नोंदवण्याच्या रोगांच्या यादीत होता. खाणी आणि दगडकामाच्या राजस्थानने २०१९ मध्ये त्यासाठी वेगळे धोरण केले. पण तो कायदा कारखान्याला लागत असे. आपल्या दारात, जिन्याखाली, गल्लीत बसून ग्राइंडर चालवणाऱ्या पोराला कोणता कारखाना लागू होणार?

आमच्याकडे माप घ्यायला जो कारागीर आला तो माझाच जुना विद्यार्थी निघाला. सातवीत माझ्याकडे मराठीला होता. केसांवर, पापण्यांवर दगडाचे पीठ बसलेले. मी विचारले, "पाणी सोडून का कापत नाहीस?" तो म्हणाला, "सर, पाण्यानं कापलं तर गाळ होतो, भिंतीवर शिंतोडे उडतात. गिऱ्हाईक ओरडतं. सुकं कापलं तर धूळ आम्ही झाडून नेतो की." तोंडाला काय बांधतोस, विचारले तर खिशातला रुमाल दाखवला. ती बारीक धूळ रुमालाच्या विणीतून आरपार जाते. आमची भिंत स्वच्छ राहावी म्हणून तो ती धूळ छातीत घेऊन जात होता, आणि त्याला यात काही वेगळे वाटत नव्हते.

त्या दिवशी आमचा निर्णय पूर्ण झाला. क्वार्ट्झ नाही. दगड इथलाच, गडद रंगाचा नैसर्गिक ग्रॅनाइट. खालच्या दारांना सनमायका तशीच राहू द्यायची, ती तिथे चांगली आहे. मापे पुठ्ठ्यावर कापून द्यायची आणि जेवढे कापकाम दुकानात पाण्याच्या करवतीवर होईल तेवढे तिथेच करायचे. सिंकचा चौकोन दुकानातच कापला तर वाहतुकीत कडेची पट्टी मोडण्याची भीती असते, म्हणून तो इमारतीच्या अंगणात कापायचा, पण पाण्याचा पाइप धरून. शेजाऱ्यांना आधी सांगितले, अंगण धुवायचे आमच्याकडे घेतले. पाइप धरायला मीच उभा राहिलो. गाळ झाला, पायजमा भरला, तासाभरात सगळे धुऊन निघाले.

दगडाच्या दुकानात आपण रंग विचारतो, भाव विचारतो, कडेच्या गोलाईचे पैसे धावत्या फुटाने मोजतो. त्याच वेळी आणखी दोन प्रश्न विचारता येतील : ओटा किती उंच, हे रोज तिथे काम करणाऱ्या माणसाला विचारले का? आणि तो कापताना पाणी सोडणार का? पहिल्या प्रश्नाला एक रुपयाही लागत नाही. दुसऱ्याला लागतो एक पाइप, दोन बादल्या पाणी आणि अंगणात गाळ झाला तर न ओरडणारे गिऱ्हाईक.